शुक्रवारी ती यादी द्यायची का?

ताई, नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. नऊ वर्षं झाली. तीन आठवड्यांपूर्वी एक सभासद मुलगी, वय 19, स्वतःच्या कार्डावर एक पुस्तक घेऊन गेली. बाईचं शरीर, पाळी, गर्भनिरोध असा विषय, डॉक्टरांनी लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. पुस्तक काउंटरवर आपटलं आणि "पोरींना हे असलं वाचायला देता?" असं सगळ्यांसमोर बोलले. आठवड्याभरात पाच-सहा सह्यांचं निवेदन आलं. त्यात 11 पुस्तकांची नावं आहेत: ते आरोग्याचं, काही कादंबऱ्या, इतिहासावरचं एक आणि दोन दलित आत्मकथनं. "समाजाला घातक" म्हणून ही सगळी काढून टाका, अशी मागणी आहे. अध्यक्ष म्हणाले, उगाच वाद नको, तूर्त कपाटात ठेवून कुलूप लावा. मी ठेवली. आता कार्यकारिणीतले एक सदस्य म्हणतात, गेल्या दोन वर्षांत ही पुस्तकं कोणी कोणी नेली त्याची देवघेव रजिस्टरवरून यादी काढा, शुक्रवारच्या सभेत ठेवू.

मला यादी द्यावीशी वाटत नाही, पण का देऊ नये हे नीट सांगताही येत नाही. रजिस्टर संस्थेचं, मी नोकर. मानधन तुटपुंजं आहे, पण घराला त्याचाच आधार आहे. शिवाय मनात येतं, गावातली पोरं काय वाचतात याची काळजी करणाऱ्यांचं सगळंच चुकतं का? काय करू?

— एक ग्रंथपाल

*

तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते.

यादी देऊ नकोस. बाकीच्या गोष्टींत समजुतीनं घ्यायला, चार दिवस थांबायला जागा आहे. यादीत नाही. कपाटात गेलेलं पुस्तक उद्या बाहेर काढता येईल. कोणी काय वाचलं हे एकदा सभेत वाचून दाखवलं की मग काहीच हातात राहत नाही.

हे मी कुठे शिकले ते सांगते. वाचनालयात ग्रंथपाल म्हणून नोकरीला लागून मला तीन-चार वर्षं झाली होती. तेव्हा आमच्याकडे पुस्तकाच्या शेवटच्या पानाला तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असे. परतीच्या तारखेचा जांभळ्या शाईचा शिक्का मारायचा आणि शेजारी पेनानं सभासद क्रमांक लिहायचा. का लिहायचा, तर आधीपासून लिहीत आले होते म्हणून. आमच्याकडे एक शिक्षिका यायच्या. कायम कादंबऱ्या आणि दिवाळी अंक. एकदा त्यांनी हिंदू विवाह कायद्यावरचं एक पुस्तक नेलं आणि वेळेत परत केलं. काही दिवसांनी त्यांचे दीर आले, तेही सभासदच. कायद्याच्या पुस्तकांपाशी उभे राहून चाळत होते. ते पुस्तक घेऊन काउंटरवर आले, शेवटचं पान उघडलं, शिक्क्याशेजारी बोट ठेवून म्हणाले, "हा 412 नंबर कुणाचा हो?"

मी मान वर न करता नाव सांगितलं.

त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्याकडे एक कादंबरी होती, ती त्यांचा मुलगा वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला आणि काही न बोलता ठेवून गेला. त्यांची अनामत रक्कम न्यायलाही कुणी आलं नाही. घरात काय झालं ते मला कळलं नाही, विचारायची हिंमतही झाली नाही. चिठ्ठीवरचा 412 माझ्या अक्षरात होता.

तेव्हापासून स्वतःला एकच विचारत आले, हे रजिस्टर आपण ठेवतो कशासाठी? पुस्तक परत मिळावं म्हणून. सभासदानं अर्जावर नाव, पत्ता, फोन दिला तोही तेवढ्यासाठीच. पुस्तक परत आलं की त्या नोंदीचं काम संपलं. पतसंस्थेचा संचालक झाला म्हणून कुणी खातेदारांची पासबुकं चावडीवर वाचत नाही. "रजिस्टर संस्थेचं" हे तुझं म्हणणं बरोबर आहे, पण संस्था म्हणजे सभासद. त्यांनी विश्वासानं दिलेली गोष्ट तू आणि कार्यकारिणी मिळून सांभाळताय.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासात तुला ब्राऊन पद्धत असेल. नीना ब्राऊन या अमेरिकेतल्या ग्रंथपाल बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बसवली. वाचकाचं पाकिटासारखं तिकीट आणि पुस्तकाच्या खिशातलं कार्ड. पुस्तक देताना कार्ड तिकिटात घालायचं आणि ती जोडी तारखेच्या खुणेमागे ट्रेमध्ये उभी करायची. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. जोडी सुटली की मागे काहीच उरत नाही. काउंटरवरची गर्दी लवकर हटावी म्हणून आपण ती पद्धत शिकलो, पण वाचकाची केवढी राखण होत होती त्यात! आपल्याकडच्या जाड रजिस्टरांत मात्र सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, तारीख, सही अशी ओळ वर्षानुवर्षं तशीच राहते आणि माळ्यावरच्या गठ्ठ्यात कुणाच्याही हाताला लागते. संगणकावर देवघेव असेल तर तिथेही हेच. कोहासारख्या प्रणालीत परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदीतून वाचकाचं नाव पुसण्याची सोय आहे. ती चालू करून घ्यावी लागते, आणि पुष्कळ ठिकाणी ती कुणी चालू केलेली नसते.

पण आत्ता, मागणी आलेली असताना, रजिस्टरचं एक पानही फाडू नकोस, खाडाखोड करू नकोस. तसं केलंस तर गुन्हेगार तूच ठरशील. पुढे वातावरण निवळलं की रीतसर ठराव मांड: परत आलेल्या पुस्तकांच्या नावानिशी नोंदी किती काळ ठेवायच्या, नंतर त्यांचं काय करायचं. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना लेखी विचारून घे. वार्षिक अहवालाला देवघेवीचे आकडे लागतात, ते स्वतंत्र वहीत उतरवून ठेव. तारखेच्या चिठ्ठीवर सभासद क्रमांक लिहीत असाल तर तो मात्र उद्यापासूनच बंद कर, त्याला ठराव लागत नाही.

आता शुक्रवार. तोंडी नकार देऊ नकोस. तोंडी बोलण्याचा "ग्रंथपालबाई उर्मटपणे बोलल्या" असा अर्थ संध्याकाळपर्यंत गावभर होतो. एक पानाचं पत्र लिही, अध्यक्ष आणि कार्यवाह दोघांच्या नावे. जावक क्रमांक घाल, पोच घे. मजकूर साधा असू दे:

"सभासदांनी कोणती पुस्तकं नेली ही त्यांची खासगी माहिती आहे. ती त्यांनी केवळ देवघेवीसाठी वाचनालयाला दिली आहे. तिची नावानिशी यादी करून सभेत ठेवणं सभासदांच्या विश्वासाला धरून नाही आणि ग्रंथपाल म्हणून मला ते करता येणार नाही. निवेदनातल्या 11 पुस्तकांची मिळून एकूण देवघेव किती, तो आकडा हवा असल्यास देते."

"मिळून" हा शब्द गाळू नकोस. गाव लहान आहे. एखादं पुस्तक दोन वर्षांत दोनदाच गेलं असेल तर नुसत्या आकड्यावरून माणसं ओळखू येतात.

कुणी म्हणालं की ही ताईंच्या मनातली कल्पना, तर दोन गोष्टी सांग. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमतानं निकाल दिला. आणि इफ्ला या ग्रंथालय संघटनांच्या जागतिक महासंघानं 1999 साली वैचारिक स्वातंत्र्यावर जे निवेदन काढलं त्यात स्पष्ट म्हटलंय की वाचक कोण आणि तो काय वाचतो हे ग्रंथालयाच्या सेवकांनी तिसऱ्या माणसाला सांगू नये. तू काही नवं मागत नाहीयेस, आपल्या व्यवसायाची रीत सांगतेयस.

पोलीस आले तर गोष्ट वेगळी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली लेखी आदेशानं कागदपत्रं मागवता येतात. तसा कागद आला तर तो घे, पोच दे, त्याच दिवशी अध्यक्षांना आणि वकिलांना दाखव. जेवढं मागितलंय तेवढंच द्यायचं, आणि वकिलांनी बघितल्यावरच. "साहेबांनी सांगितलंय, जरा रजिस्टर दाखवा" हा आदेश नव्हे. तसंच कार्यकारिणी सदस्याची इच्छाही आदेश नव्हे. कार्यकारिणीनं बहुमतानं ठरवलंच तर म्हण, ठराव इतिवृत्तात लिहा, सूचक-अनुमोदकांची नावं घाला, माझा विरोध नोंदवा. सभासदांची नावं जाहीर करण्याच्या ठरावावर स्वतःची सही हवी असणारी माणसं फार नसतात, असा माझा अनुभव आहे.

आता त्या 11 पुस्तकांचं.

एखादं पुस्तक आपल्याकडे बेकायदा कधी ठरतं? सरकारला ते जप्त करायचं असेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि कारणं द्यावी लागतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम 95 होतं, आता नव्या संहितेत 98 आहे. त्या अधिसूचनेविरुद्धही दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जाता येतं. सरकारलासुद्धा एवढी पायरी चढावी लागते. सहा सह्यांच्या निवेदनानं ती ओलांडता येत नाही. 11 पैकी एकाही पुस्तकावर अशी अधिसूचना नसेल, तर ती सगळी पुस्तकं कायदेशीर आहेत, वाचनालयाच्या पैशानं घेतलेली आहेत, आणि दाखल नोंदवहीत त्यांना क्रमांक आहे. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीतही बघ. त्यातली काही तिथे असतील तर समितीपुढे त्याचं वजन पडेल. (यादीत नाही म्हणजे वाईट असं मात्र कुणाला म्हणू देऊ नकोस.)

"घातक" या शब्दाचंही एक आहे. र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं ते नेमक्या याच विषयांवर, जे त्या मुलीनं वाचायला नेलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. 1934च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. हरले, पण उभे राहिले. 1962 सालच्या एका मराठी मासिकाच्या दिवाळी अंकातली कथा अश्लील म्हणून लेखक कोर्टात खेचला गेला, उच्च न्यायालयानं दोषी ठरवला, आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयानं निर्दोष सोडला. दिवाळी अंकातल्या एका कथेसाठी सात वर्षं! आपण दर वर्षी अंक योजनेत शंभरशंभर दिवाळी अंक फिरवतो. त्यातला कुठला कुणाला खटकेल, सांगता येईल का?

आणि पुण्यातली 5 जानेवारी 2004 तुला आठवत नसेल, तू शाळेत असशील. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जमाव घुसला, ग्रंथांची, जुन्या वस्तूंची नासधूस झाली. परदेशी लेखकाच्या एका पुस्तकावरून राग होता. पुस्तक संस्थेचं नव्हतं. संस्थेतल्या अभ्यासकांनी त्याला मदत केली, त्यानं पुस्तकात आभार मानले, एवढाच संबंध. ते पुस्तक बरं की वाईट हा निराळा वाद आहे. माझ्या मनातून एवढंच जात नाही की ग्रंथ दाखवणं, माहिती देणं, म्हणजे तू आणि मी रोज करतो ते काम, तेवढ्यासाठी ग्रंथालयावर हात पडला. त्या पुस्तकावरची राज्य सरकारची बंदी पुढे मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली आणि 2010 साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. फाटलेलं काही त्यानं परत आलं नाही.

त्या निवेदनात दोन दलित आत्मकथनंही आहेत हे वाचून मी थोडा वेळ पत्र खाली ठेवलं. ज्यांच्या वाडवडिलांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसवलं, त्यांनी शिकून, लिहून आपली हकिगत सांगितली, आणि ती आपण कुलूप लावून ठेवायची? आरोग्याच्या पुस्तकाचं भांडण निघालं म्हणून त्याच पिशवीत ही दोन कुणी टाकली, हे सभेत जरूर विचारायला सांग. तू स्वतः विचारू नकोस, कार्यकारिणीतल्या एखाद्या समंजस सदस्याला विचारायला लाव. असा एक माणूस प्रत्येक कार्यकारिणीत असतो. शुक्रवारच्या आधी त्याच्या किंवा तिच्या घरी जाऊन ये.

निवेदनाकडे मात्र दुर्लक्ष करू नकोस. ते देणारेही गावातलेच आहेत, त्यांना उत्तर मिळालं पाहिजे. वाचनालयात एक छापील अर्ज कर: कोणतं पुस्तक, पूर्ण वाचलंत का, कुठल्या पानावर काय आक्षेपार्ह वाटलं, तुमचं म्हणणं काय. एका पुस्तकाला एक अर्ज. ग्रंथ निवड समितीतल्या तिघांनी ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचायचं आणि लेखी मत द्यायचं. आणि मत येईपर्यंत पुस्तक आपल्या जागी राहील, कपाटात नाही. हे शेवटचं वाक्य नियमात आलंच पाहिजे. नाहीतर "निर्णय होईपर्यंत" कपाटात गेलेल्या पुस्तकाचा निर्णय कधीच होत नाही, दोन-तीन वर्षांनी त्याला वाळवी लागते आणि "जीर्ण" म्हणून ते बाद यादीत जातं. हे मी होताना पाहिलंय. कुणी बंदी घातली नाही, कुणी जाळलं नाही, आणि पुस्तक गेलं.

तू ती कपाटात ठेवलीस त्याबद्दल मी रागावणार नाही. माझ्याही हातून झालंय. त्याहून वाईट एक होतं, ते सांगून ठेवते. पुढच्या ग्रंथखरेदीला दुकानातल्या टेबलापाशी उभी राहशील, एखादं पुस्तक हातात घेशील, आणि तो काउंटरवरचा आवाज आठवून परत ठेवशील. ते कुणाला दिसणार नाही, कुठल्या नोंदवहीत येणार नाही. मी दोन वर्षं तशी खरेदी केली. आमच्या स्त्री-आरोग्याच्या कप्प्यात त्या दोन वर्षांत एकही नवं पुस्तक आलं नाही. हे माझ्या लक्षात एका नर्सताईंमुळे आलं. त्यांनी विचारलं, "ताई, नवीन काही नाही का हो?" आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांचे पाच सिद्धांत आपण परीक्षेपुरते पाठ करतो. त्यातले दोन: प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. त्या नर्सताईंसमोर उभं राहताना ते मला पहिल्यांदा कळले.

आता तुझा शेवटचा प्रश्न. काळजी करणाऱ्यांचं सगळंच चुकतं का? नाही गं. ते वडील पुस्तक आपटून गेले, पण त्याआधी रात्रभर जागलेही असतील. मुलगी हातातून चालली असं वाटलं की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस ओरडतो. त्यांना एकदा दुपारी, वाचनालय रिकामं असताना बोलाव. खुर्ची दे, चहा दे. मुलीबद्दल एक अक्षर बोलू नकोस, तिनं याआधी काय नेलं, कधी येते, कुणाबरोबर येते, काहीच नाही. पुस्तकाबद्दल बोल. ते डॉक्टरांनी लिहिलंय, कशासाठी लिहिलंय, त्यात काय आहे. वाटल्यास त्यांनीच ते वाचावं म्हणून त्यांच्या कार्डावर दे. लहान मुलांच्या विभागात आपल्या लेकरानं काय न्यावं हे आईबापांनी जरूर सांगावं, आपण ऐकतो. पण ते सांगणं आपल्या लेकरापुरतं. दुसऱ्याच्या लेकराचं, आणि 19 वर्षांच्या सज्ञान सभासदाचं, ते ठरवू शकत नाहीत. हे त्यांना शांतपणे सांग. पटलं नाही तरी आपल्याशी कुणी नीट बोललं, एवढं घेऊन ते घरी जातील.

नोकरीची भीती खोटी नाही. मी निवृत्त झालेय, माझं पेन बिनघोर चालतं, हे मला माहीत आहे. म्हणून सगळं कागदावर कर, एकटी पडू नकोस. जिल्हा ग्रंथालय संघाच्या पदाधिकाऱ्यांना फोन कर, शेजारच्या तालुक्यांतल्या दोन ग्रंथपालांना सांग, त्यांच्याकडेही आज ना उद्या हे येणार आहे. व्हॉट्सॲपवर एक ओळही टाकू नकोस, कुणी कितीही उचकवलं तरी. आणि त्या मुलीचं नाव कुठल्याही पत्रात, बोलण्यात येऊ देऊ नकोस, तिची बाजू घेतानासुद्धा.

अजून एक. वडिलांनी आपटलेलं ते पुस्तक तू परत जमा करून घेतलंस का? गडबडीत राहून गेलं असेल तर आजच कर, तिच्या कार्डावर ते थकीत दिसायला नको. पुठ्ठा सुटला असेल तर खळ लावून घे. कपाटातून काढून आरोग्याच्या कप्प्यात, त्याच्या क्रमांकाच्या जागी ठेव. ती मुलगी कधीतरी येईल, बहुतेक पुस्तकांपाशी उगाच रेंगाळेल, तुझ्याकडे बघणार नाही. तू विषय काढू नकोस, धीर वगैरे देऊ नकोस. जे पुस्तक ती काउंटरवर ठेवेल ते घे, कार्ड घे, तारखेचा शिक्का मार आणि इतर कुणालाही देतेस तसं तिच्या हातात दे.